आधी धक्का, मग विमानतळ

क्रूझच्या तिकिटावर 'न्यूयॉर्क' दिसलं, की आपण लगेच न्यूयॉर्कचं विमान शोधायला लागतो. तिथेच जरा थांबावं. या एका नावाखाली प्रवासी जहाजांचे तीन धक्के येतात आणि विमानतळही तीनच. ते न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी अशा दोन राज्यांत विखुरलेले आहेत. मधे हडसन नदी, खाडी, पूल आणि बोगदे. कोणत्या विमानतळावर उतरलो आणि कोणत्या धक्क्यावर पोचायचं आहे, यावर तो दिवस सुखाचा जाणार की जीव टांगणीला लागणार, हे ठरतं.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आपल्याकडचे कितीतरी आईवडील हल्ली तिथून क्रूझला जातात. माझे धाकटे दीर आणि जाऊबाई असेच निघाले होते, आणि त्यांचं जहाज त्यांना न घेता गेलं. त्यांच्यावर जे गुदरलं ते दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सगळे शिकागोजवळ माझ्या मुलीकडे उतरलो होतो. पानगळीचे रंग पाहायचे म्हणून न्यू इंग्लंड आणि कॅनडाची सफर ठरली होती. जहाज निघणार होतं केप लिबर्टीहून. हा धक्का न्यूयॉर्क शहरात नाही, न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात आहे. एकेकाळी तिथे अमेरिकी लष्कराचं मालवाहतुकीचं बंदर होतं, 2004पासून तिथून क्रूझ सुटतात. पॅकेज करून देणाऱ्या एजंटने विमानाची तिकिटं काढली ती लागार्डियाची, आणि तीही जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळची. पहिल्या विमानात सगळ्यांना जागा नव्हत्या, म्हणून दीर-जाऊंना त्यानंतरचं विमान मिळालं.

त्या दिवशी पहाटेच शिकागोवर वादळी पाऊस सुरू झाला. विजा चमकत असताना उभ्या विमानांभोवतीची जमिनीवरची कामं थांबवतात, त्यामुळे एकामागून एक उड्डाणं अडकली. आमचं विमान खूप उशिरा का होईना, सुटलं. लागार्डियाला उतरून फोन चालू केला, तर दिरांचाच फोन आला. "वहिनी, आमचं विमान रद्द झालंय. तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, पुढे जा."

लागार्डिया आहे क्वीन्समध्ये, शहराच्या पूर्व अंगाला. बेयॉन पश्चिमेला, पाण्यापलीकडे. आमच्या ड्रायव्हरने मॅनहॅटन टाळायचं ठरवलं. ब्रुकलिन-क्वीन्स एक्सप्रेसवेने दक्षिणेला, तिथून व्हेराझानो पूल ओलांडून स्टेटन आयलंडवर, मग बेयॉनच्या पुलावरून न्यू जर्सीत. म्हणजे अर्ध्या न्यूयॉर्कला वळसा. ब्रुकलिनमध्ये गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. अडीच वाजता चेक-इन बंद होणार होतं आणि त्याच्या जेमतेम आधी आम्ही दारात पोचलो. नेवार्क विमानतळावर उतरलो असतो तर हडसन नाही, शहराला वळसा नाही, खाडीवरचा एकच पूल, वाट मोकळी असली तर वीसेक मिनिटांत धक्क्यावर. विमान तेवढंच उशिरा आलं असतं, तरी ती घालमेल झाली नसती.

पण खरा चटका पुढे बसला. जहाजाचा पुढचा थांबा बोस्टन होता. दीर म्हणाले, आम्ही उद्या सरळ बोस्टनला येतो आणि तिथे चढतो. कुणालाही हेच सुचेल. जहाज कंपनीने मात्र नकार दिला, आणि तो आडमुठेपणा नव्हता. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखाली चालणारं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही, मधे दूरच्या एखाद्या परदेशी बंदराला लागलं तरच चालतं. कॅनडा त्या हिशेबात जवळचा देश धरला जातो. बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात, म्हणजे परदेशीच. दीर-जाऊ बोस्टनला चढून बेयॉनला उतरले असते तर हा कायदा मोडला असता. कॅनडातल्या बंदरावर परवानगी घेऊन चढता आलं असतं, पण ऐनवेळच्या विमानाचे दर ऐकून दोघं गप्प झाले. ते मुलीच्या घरीच राहिले. आम्ही रोज फोटो पाठवत होतो, आणि पाठवताना दर वेळी वाईट वाटत होतं.

विम्याचंही तेच झालं. परदेशी जाणारे आपले ज्येष्ठ विमा काढतात तो मुख्यतः आजारपणाचा. दवाखान्याचा खर्च त्यातून मिळतो. विमान रद्द झाल्यामुळे जहाज चुकलं, तर सफरीचे पैसे मिळण्यासाठी ते कलम पॉलिसीत वेगळं असावं लागतं, आणि किती तासांच्या विलंबानंतर ते लागू होतं हेही त्यात लिहिलेलं असतं. त्यांच्या पॉलिसीत ते कलमच नव्हतं.

यातून जे कळलं ते आता क्रमाने सांगते.

पहिलं काम, धक्क्याचं नाव पाहणं. बुकिंगवर शहराच्या नावापुढे काय लिहिलं आहे ते वाचा आणि पत्ता नकाशावर घालून बघा. मॅनहॅटनचा धक्का हडसनच्या काठावर, बाराव्या ॲव्हेन्यूवर, साधारण 46व्या ते 54व्या रस्त्यांच्या दरम्यान आहे. विमानवाहू जहाजावरचं इंट्रेपिड संग्रहालय त्याच्या शेजारीच. ब्रुकलिनचा धक्का रेड हुक भागात आहे, 2006 साली सुरू झालेला. क्वीन मेरी 2 तिथेच लागते. तिसरा बेयॉनचा केप लिबर्टी. एकच कंपनी वेगवेगळ्या सफरींसाठी वेगवेगळे धक्के वापरू शकते, त्यामुळे शेजाऱ्यांची क्रूझ कुठून सुटली होती, यावर विसंबू नका.

धक्का कळला की विमानतळ निवडणं सोपं होतं. बेयॉनसाठी नेवार्क, यात दुमत नको. ब्रुकलिनसाठी जेएफके किंवा लागार्डिया; दोन्ही त्याच बाजूला आहेत, मधे नदी येत नाही. मॅनहॅटनसाठी तिन्ही चालतात. लागार्डिया अंतराने जवळ. जेएफके आणि मॅनहॅटनच्या दरम्यान पिवळ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, 70 डॉलर, त्यावर टोल, अधिभार आणि टिप. रस्ता तुंबला तरी मूळ आकडा वाढत नाही, हा मोठा दिलासा. नेवार्कहून आलात तर लिंकन टनेलमधून बाहेर पडता ते मिडटाउनमध्येच, धक्क्याच्या बरंच जवळ. विमानाचं तिकीट शोधताना शहराचा संकेत टाकला की तिन्ही विमानतळ एकाच यादीत येतात आणि सगळ्यात स्वस्त वर दिसतं. वाचलेले डॉलर पुढे टॅक्सी आणि टोल खाऊन टाकतात, म्हणून दोन्हींची बेरीज करून मगच ठरवा.

विमानतळ ते धक्का हा प्रवास सामान आणि वय पाहून ठरवावा. लागार्डियाला रेल्वे नाही. तिथून क्यू 70 ही मोफत बस जॅक्सन हाइट्सला नेते, आणि तिथून सबवे. पाठीवर एक सॅक असलेल्या तरुणाला हे छान जमतं, दोन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे असतील तर नाही. ब्रुकलिनच्या धक्क्याजवळ सबवेचं स्टेशन नाही. बेयॉनला हलकी रेल्वे जाते, पण 34व्या रस्त्याच्या स्टेशनापासून धक्का बराच लांब आहे, सामान ओढत चालण्यासारखा नाही. त्यात 34वा रस्ता मॅनहॅटनमध्येही आहे, म्हणून ड्रायव्हरला गावाचं नाव आधी सांगा, रस्त्याचं नंतर.

नेवार्क विमानतळावरून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाटेत आधी नेवार्क पेन स्टेशन लागतं आणि नंतर न्यूयॉर्क पेन स्टेशन. 'पेन स्टेशन' एवढंच ऐकून लोक पहिल्यावर उतरतात आणि नदीच्या अलीकडेच राहतात. टॅक्सीचंही असंच. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीने बेयॉनला जायचं तर मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवावं लागतं. नेवार्कच्या टॅक्सी स्टँडवर ठिकाण सांगितलं की भाडं आधीच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जहाज सुटण्याच्या दिवशी विमानाने येऊ नका. आदल्या दिवशी या आणि रात्र त्याच बाजूला काढा, ज्या बाजूला धक्का आहे. बेयॉनसाठी नेवार्क विमानतळाजवळची हॉटेलं किंवा जर्सी सिटी सोयीची. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ नेवार्क ॲव्हेन्यूवर आपल्या जेवणाची दुकानं ओळीने आहेत. एडिसनकडे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे मुक्काम करा. तो भागही नदीच्या त्याच काठाला येतो.

जहाज विमानासारखं थोडा वेळ वाट पाहील, ही आशा ठेवू नये. अमेरिकेच्या नियमानुसार जहाज सुटण्याच्या किमान 60 मिनिटं आधी सगळ्या प्रवाशांची यादी सीमाशुल्क खात्याकडे जावी लागते. म्हणून चेक-इन सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं. तुमच्या पासवर छापलेली वेळ धक्क्यावर पोचायची असते, ती जहाज हलायची समजू नका. भारतातून थेट येत असाल तर इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा धरा. व्हीलचेअर मागितलेल्यांना विमानातून शेवटी उतरवतात, तोही वेळ मोजा.

तारीखही पाहा. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या दिवसांत मिडटाउनचे रस्ते अडवलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते. ती स्टेटन आयलंडहून निघते आणि त्यासाठी व्हेराझानो पूल बंद ठेवतात. आम्ही ज्या वाटेने धावलो, ती वाट त्या सकाळी नसतेच.

परतीच्या दिवशी घाई उलट बाजूने होते. जहाज पहाटे लागलं तरी उतरणं टप्प्याटप्प्याने चालतं आणि धक्क्यावरच इमिग्रेशन असतं. दुपारच्या आधीचं विमान घेऊ नये. बेयॉनहून जेएफकेला जाऊन भारताचं विमान पकडायचं असेल तर संध्याकाळचं किंवा रात्रीचंच घ्यावं. पासपोर्ट, व्हिसा, औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांच्या हवाली केल्या की त्या खोलीपर्यंत यायला कधीकधी रात्र होते. आणि सफर कॅनडाला लागणार असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा, तसंच अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हेही आधी बघा.

हे सगळं मुंबईलाही लागू होतं. आपल्याकडे आता सांताक्रूझ-सहारच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, आणि क्रूझ सुटतात बॅलार्ड पिअरहून. नागपूरहून किंवा परराज्यातून येणाऱ्याला तिकिटावर फक्त 'मुंबई' दिसेल. एका विमानतळावरून उपनगरांची गर्दी भेदत दक्षिणेला यायचं, दुसऱ्यावरून खाडी ओलांडायची. अटल सेतू आहे, त्याचा टोलही आहे. कोणता विमानतळ, हे तिकीट काढतानाच विचारा, आणि सफर सकाळ-दुपारची असेल तर मुक्काम आदल्या रात्री फोर्ट-कुलाब्याच्या बाजूला करा.

एजंटकडून पॅकेज घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी त्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: धक्का कोणता, विमानतळ कोणता, आणि विमान कोणत्या दिवशी पोचतं. उत्तरात विमानाचा आणि जहाजाचा दिवस एकच आला, तर तिकीट बदलून मागा. आणि परदेशातल्या मुलामुलींनो, आईबाबांची तिकिटं तुम्हीच काढत असाल तर हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचवू नका. आयुष्यभर काटकसर केलेली ही माणसं तो खर्च स्वतःहून कधीच सुचवणार नाहीत, उलट 'कशाला उगीच' म्हणतील. त्यांचं ऐकू नका. ती रात्र त्यांच्यासाठी तुम्हीच विकत घ्या.