मूत्रपिंडाचा आजार आणि खचलेले मन



उसाचे पान पिवळे पडले की आपल्यापैकी बरेच जण आधी युरियाची गोणी फोडतात. पण चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून केवडा आला असेल, तर युरियाने भागत नाही. हिराकस फवारावे लागते. माणसाच्या एका दुखण्यातही अशीच गल्लत होते. आम्ही डॉक्टर नव्हे, पण शिवारात जे पाहिले आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते येथे देत आहोत.

काही वर्षांपूर्वी लागणीच्या नोंदीसाठी शिरपूर तालुक्यातील एका सभासदांच्या मळ्यात गेलो होतो. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा धुळ्याला डायलिसिस, दर वेळी चार तास, शिवाय जाण्या-येण्याचा प्रवास. पाणी मोजून प्यायचे. मिठामुळे पापड-लोणचे बंद, पोटॅशियममुळे केळी बंद. आणि आपला मुलूख तर केळीचा! ज्या हातावर सुईसाठी फिस्टुला केलेला, त्या हाताने ओझे उचलायचे नाही. "आते काय करानं, साहेब?" एवढेच ते म्हणाले. आम्ही "हिंमत धरा" म्हणालो, नोंद केली आणि निघालो. पुढे त्यांनी दोन पाळ्या चुकवल्या, मग जाणारच नाही म्हणून बसले. घरचे म्हणत, अशक्तपणा आहे, दुसरे काय!

खरी चूक इथेच झाली, आमचीही. थकवा, भूक मरणे, झोप उडणे ही लक्षणे रक्त शुद्ध न झाल्यानेही येतात आणि नैराश्यानेही. डायलिसिसवरील सुमारे चौघांत एकाला नैराश्य असते, असे ठिकठिकाणच्या अभ्यासांत आढळले आहे. म्हणून नातू, गुरे, बाजार अशा आवडीच्या गोष्टींतही दोन आठवडे मन लागेना, "माझं ओझं झालं" असे बोलणे सुरू झाले, तर घरच्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. रोगी आपण होऊन सांगत नाही. "जगून काय उपयोग" असे शब्द आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, माणसाला एकटे सोडू नये. मनावरचे औषध मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण काही औषधांची मात्रा बदलावी लागते.

जुन्या मंडळींना जयप्रकाश नारायण आठवत असतील. १९७५ साली आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे बिघडली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांना एकत्र आणले. तसे धैर्य प्रत्येकाकडून मागणे बरे नव्हे. पण त्यांच्याभोवती माणसे होती, हाती काम होते, हे ध्यानात घ्यावे.

आमच्या त्या सभासदांच्या मुलाने अखेर डॉक्टरांना सगळे सांगितले. औषध सुरू झाले, समजावणे झाले, पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. घरात पाण्याच्या पाळीची आणि मजुरीची वही त्यांच्याकडे दिली. ते पूर्वीसारखे झाले नाहीत. चिडचिड आहे, उन्हाळ्यात तहान सोसवत नाही. पण वहीत खाडाखोड दिसली की मुलाला हाक मारतात.

जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा फोन मोफत आहे.