किल्ली देण्याआधी

बाळा, बंगळूरला जाताना कोथरूडचा फ्लॅट बंद न ठेवता भाड्यानं द्यायचं ठरवलंस, हे बरं केलंस. बंद घराला ओल धरते, नळ गंजतात. पण परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, जोडपं चांगलं वाटलं, टोकन घेऊन टाकते," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहायला बसले. वरचा मजला गेली अठ्ठावीस वर्षं मी भाड्यानं देते आहे. त्यातून जे कळलं ते तुझ्या कानावर घालते.

घर बघायला येणारा प्रत्येक जण चांगलाच वाटतो. चपला बाहेर काढतो, पाणी दिलं तर पेला स्वतः ओट्यावर नेऊन ठेवतो. माझा दुसरा भाडेकरू असाच होता. एजंट घाई करत होता, दुसरी पार्टी तयार आहे म्हणत होता. मी किल्ली दिली. तीन महिने भाडं वेळेवर आलं, चौथ्या महिन्यापासून थांबलं. तो घराबाहेर पडेपर्यंत वर्ष गेलं, आणि लाइटचं थकलेलं बिल मी भरलं. नंतर कळलं, आधीच्या दोन घरांतही त्यानं हेच केलं होतं. त्यातलं एक घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. पाच मिनिटं चालत जाऊन विचारलं असतं, तर ते वर्ष वाचलं असतं.

म्हणून माझा पहिला मंत्र हाच, आणि बाकी सगळं विसरलीस तरी हा विसरू नकोस. आधीच्या घरमालकाला विचार. आधीच्या म्हणजे सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घराबाहेर काढायचा असेल, तर तो तोंडभरून कौतुक करेल. आधीच्याला आता काहीच मिळवायचं नसतं, त्यामुळे तो खरं बोलतो.

त्याचा नंबर भाडेकरूनं दिला, तर तो मित्राचाही असू शकतो. त्यासाठी जुन्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत मागून घे. नोंदणी झालेल्या करारात मालकाचं नाव, घराचा पत्ता, भाडं, डिपॉझिट सगळं असतं. फोन केल्यावर मुद्दाम एखादा तपशील चुकीचा बोल. "तुमच्या टू बीएचकेत राहत होते ना?" असं विचार, घर वन बीएचके असेल तर खरा मालक लगेच दुरुस्त करतो. मग तीनच प्रश्न विचार. भाडं तारखेला यायचं का? घर सोडताना डिपॉझिटमधून किती कापावं लागलं? आणि शेवटचा, पुन्हा घर द्याल का यांना? त्या शेवटच्या प्रश्नावर माणूस किती वेळ थांबतो, तिकडे लक्ष दे.

कागदांबद्दल तुला जास्त सांगायला नको, तू रोज कॉम्प्युटरवर काम करतेस. तरी सांगते. आधारकार्ड मूळ बघ, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्याच ॲपमध्ये तपासता येतो, रंगीत झेरॉक्सवर विसंबू नकोस. प्रत ठेवायची तर पहिले आठ आकडे झाकलेली ठेव. पुढच्याच्या ओळखीचे कागद जपणं हेही मालकाचं काम आहे. नोकरीसाठी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि त्याच तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून बघ. स्लिपवरची रक्कम खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे. स्टेटमेंटमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, जुन्या घराचं भाडं कोणत्या तारखेला गेलं ती. मला पगारापेक्षा ती तारीख जास्त सांगते. कंपनीत चौकशी करायची तर पत्रावरच्या नंबरवर करू नकोस, कंपनीचा नंबर आपण शोधून त्यावर कर. भाडं घरातल्या एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावं. त्याच्या वर गेलं, तर माणूस कितीही सरळ असला तरी एखाद्या आजारपणात भाडं अडकतं. पहिल्याच नोकरीवरचा मुलगा असेल तर त्याला नाही म्हणू नकोस, त्याच्या आईवडिलांशी बोल, त्यांचा पत्ता घे. माझे सगळ्यात चांगले भाडेकरू असेच नवखे होते.

राहणारी सगळी माणसं एकदा तरी डोळ्यांसमोर यायला हवीत. घर बघायला एक येतो आणि राहायला पाच, असं पुण्यात नेहमी होतं. त्याहून वाईट प्रकारही आहे. कुणी आपलं घर भाड्यानं घेतं आणि स्वतःच मालक असल्याचं भासवून तिसऱ्याकडून हेवी डिपॉझिट उकळून पसार होतं. मग दारात उभं राहतं एक फसलेलं कुटुंब, आणि त्यांचा काहीच दोष नसतो. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाल. डिपॉझिट आणि पहिलं भाडं करारावर सही करणाऱ्याच्याच खात्यातून घे. रोख नको, भावाच्या खात्यातून नको.

दुसरा एक सापळा तुला सांगितलाच पाहिजे, कारण तू साइटवर जाहिरात टाकली आहेस. फोन येईल, "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घर न बघताच घेतो, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो." गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवतील. मग एक क्यूआर कोड येईल, पैसे मिळवायला स्कॅन करा म्हणून. पैसे घ्यायला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुझ्याच खात्यातून जातात. खऱ्या जवानांचं नाव घेऊन हे चालतं, याचा मला फार राग येतो.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. तपासायचं ते वागणं, माणसाची जात, धर्म किंवा ताट नव्हे. आपल्याच सोसायटीत आडनाव ऐकून घर नाकारलेलं मी पाहिलं आहे, एकट्या मुलीला "लग्न कधी?" असं विचारलेलं पाहिलं आहे. मला बुडवणारा माणूस आपल्याच आळीतला, आपल्याच आडनावाच्या घरातला होता. आणि ज्या मुलीला तीन घरांनी नाही म्हटलं होतं, ती माझ्याकडे सहा वर्षं राहिली, एकदाही भाडं चुकलं नाही. प्रत्येकाला तेच कागद माग, तेच प्रश्न विचार. म्हणजे चौकशी केल्याचा अपमान कुणालाच वाटत नाही.

तुझे आजोबा घर भाड्यानं द्यायच्या नावानं दचकायचे, त्याला कारण होतं. मुंबईत १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण मिळालं आणि अनेकांची घरं कायमची अडकली. त्या भीतीनं एका पिढीनं कुलपं लावून ठेवली. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर मालकाला तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरल्या जातात. उलट नोंदणी असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर दुप्पट भाडं मागता येतं. खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. तुझ्या २५ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत बसतं. एवढ्यासाठी नोटरीचा कागद करून भागवू नकोस.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळव, ऑनलाइन भरता येते. पण ती भरली म्हणजे पोलिसांनी माणसाची हमी दिली, असं समजू नकोस. सोसायटीलाही लेखी कळव. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागितले, तर शांतपणे नियम दाखव.

आणि तूही तुझे कागद त्यांच्यासमोर ठेव. इंडेक्स टू, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, शेवटचं लाइट बिल. शहाणा भाडेकरू तेवढीच चौकशी तुझी करतो. ज्यानं केली, त्याच्यावर माझा भरवसा वाढतो. किल्ली देताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो दोघांनी मिळून काढा.

एक जुनी सवय सांगून थांबते. कराराचा मसुदा मी टपालानं किंवा फोनवर पाठवत नाही. आधी विचारून, वेळ ठरवून, ते सध्या राहतात त्या घरी स्वतः नेऊन देते. दहा मिनिटं बसते, चहा घेते. ओट्यावर, बाथरूमच्या दारावर, भिंतीच्या कोपऱ्यांवर दिसतं की दुसऱ्याचं घर ही माणसं कशी वापरतात. खाली उतरताना वॉचमनशी दोन शब्द बोलते.

ते जोडपं रविवारी पुन्हा येणार म्हणालीस. त्याआधी टोकन घेऊ नकोस. जुना करार त्यांच्याकडून आजच मागून घे, त्यांच्या आधीच्या मालकाला शनिवारी सकाळी फोन कर, आणि तो काय म्हणाला ते मला लगेच कळव.