एक्झिक्यूटर नेमकं किती लांब?

दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं तेव्हापासून मला काल्पनिक अंतराळयानांच्या तपशिलांचा नाद आहे. घरच्यांनी हात टेकले, मी नाही. ‘यातलं अधिकृत काय?’ या वादात, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत ‘कॅनन’च्या वादात, इतकी वर्षं घालवल्यावर हाती लागलेलं हे.

१. आधी मालक कोण ते बघा. अधिकृत काय हे मालक ठरवतो. ‘स्टार ट्रेक’चा ढोबळ नियम असा की मालिकांत आणि चित्रपटांत आलं ते खरं, कादंबऱ्या-कॉमिक्स बाहेर. ‘डॉक्टर हू’बद्दल बीबीसीने असा नियम कधी केलाच नाही. त्यामुळे त्यातल्या टार्डिस या यानावरून भांडायला आलेल्याला मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

२. पडद्यावरचंही सगळं सारख्या वजनाचं नसतं. १९६६च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत एंटरप्राइझ यानाच्या ब्रिजवरची पाटी चक्क ‘स्टारशिप क्लास’ म्हणते. ‘कॉन्स्टिट्यूशन क्लास’ हे नाव त्या मालिकेत कुणाच्या तोंडी नाही. होतं ते एका तांत्रिक आकृतीत, बारीक अक्षरांत. पुढच्या एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९२मधल्या ‘रेलिक्स’ या भागात खुद्द कॅप्टन पिकार्ड ते उच्चारतो. आज पाटीला कुणी विचारत नाही.

३. पुस्तक आणि चित्र भांडली तर पट्टी काढा. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधलं डार्थ व्हेडरचं एक्झिक्यूटर हे यान जुन्या मार्गदर्शिकांत आठ किलोमीटरचं होतं. साधा स्टार डिस्ट्रॉयर १.६ किलोमीटरचा, म्हणजे हे त्याच्या पाचपट. पण चित्रपट थांबवून मोजा, ते पाचपटीवर भागत नाही. अकरा-बारापट तरी निघतं. (दोन्ही यानं कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर असलेलीच फ्रेम घ्यायची. पुढचं यान मोठं दिसणारच, आणि निम्मे वाद तिथेच जन्मतात.) कर्टिस सॅक्स्टन या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने हे चिकाटीने मोजून मांडलं. हळूहळू छापील आकडा वर सरकला : आधी १२.८, मग १७.६, आता १९ किलोमीटर. यान १९८०पासून तेवढंच आहे. त्याच्यापर्यंत पोचायला कागदाला पंचवीसेक वर्षं लागली.

४. अधिकृतपणा काढून घेतला जातो. एप्रिल २०१४मध्ये त्याच चित्रपटाच्या मालक लुकासफिल्मने तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स ‘लेजंड्स’ या खात्यात टाकले. १९९१च्या टिमथी झान यांच्या कादंबरीतलं थ्रॉन या पात्राचं कायमेरा हे यान त्यात गेलं आणि पुढे ‘रेबल्स’ मालिकेतून परतही आलं. माझ्या कपाटातलं पुस्तक मी हलवलं नव्हतं.

५. बाहेर ठेवलेलं मागच्या दाराने आत येतं. फ्रान्झ जोसेफ यांच्या १९७५च्या ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेत कधीच न दिसलेली जहाजं आहेत. १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात पाठीमागच्या रेडिओ-संभाषणात ड्रेडनॉट आंतांत आणि स्काउट कोलंबिया, रिव्हिअर ही त्यातलीच नावं कानावर पडतात. म्हणजे नाव कॅनन, चित्र नाही! असल्या निवाड्यांवर मी मनापासून खूश असतो.

आता विनंती एवढीच : कुठल्याही यानाची लांबी लिहाल तेव्हा शेजारी ती कुठून घेतली ते आणि साल लिहा. एक्झिक्यूटरपुढे मी १९ किलोमीटरच लिहितो, आणि तेही छापलंय म्हणून नव्हे, मोजलंय म्हणून.