कुऱ्हाड घडवायला किती हात लागतात?

प्रश्न : इंग्रजी चित्रपटांत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडे टॉमाहॉक नावाची छोटी कुऱ्हाड दिसते. यंत्र किंवा वीज न वापरता, नुसत्या हातअवजारांनी ती घडवता येईल का? मला घरी जमेल का?
– एक वाचक, सांताक्रूझ (पूर्व)

उत्तर : घडवता येते. मात्र इमारतीत किंवा गच्चीवर हा खटाटोप करू नका. कोळशाची भट्टी आणि घणाचे हादरे तिथे धोक्याचे.

‘टॉमाहॉक’ हा शब्द मूळचा अमेरिकेतल्या अल्गॉनक्वियन भाषांतला. आधी पाती दगडाची असत, लोखंडी पाती युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आली. ती करण्याची जुनी रीत अशी : लोखंडाची पट्टी लालबुंद तापवून गोल सळईभोवती दुमडायची. ती सळई काढली की दांड्याचे नेढे तयार. पट्टीच्या दोन टोकांमध्ये पोलादाचा तुकडा घालायचा, टाकणखार टाकायचा आणि सारे पिवळेधमक होईतो, म्हणजे सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे, तापवून घण मारायचा. टाकणखाराने लोखंडावरची पापडी वितळून निघते आणि दोन्ही धातू एकजीव होतात. दांडा टिकावासारखा वरून घालतात, त्यामुळे वापरताना तो घट्टच होत जातो.

यासाठी भाता, ऐरण, सांडशी, हातोडा, घण, छिन्नी आणि कानस एवढी अवजारे पुरतात. आपल्याकडच्या घिसाडी, म्हणजे भटक्या लोहार, कुटुंबांचा सगळा कारखाना एवढाच असतो. धारेच्या पोलादासाठी ते ट्रकचे जुने कमानपाटे वापरतात.

खरी कसोटी शेवटी, पाणी देताना. धार लाल, साधारण ८०० अंशांवर आली की लोहचुंबक तिला चिकटत नाही. तेव्हा फक्त धारेकडचा दोन बोटे रुंदीचा भाग बुडवायचा. कमानपाट्याच्या पोलादाला पाण्यापेक्षा तेल बरे, पाण्यात ते तडकू शकते. मग धार दगडाने घासून चकचकीत करायची. मागच्या भागातली उष्णता पुढे सरकते आणि धारेवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढतो. जांभळ्यावर पाते पुन्हा बुडवायचे. घाई केली तर धार ठिसूळ राहते आणि उशीर झाला तर मऊ पडते.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. हातअवजारे पुरतात, पण एका माणसाचे हात सहसा पुरत नाहीत. भट्टीतून काढलेले लोखंड काही सेकंदांतच काळवंडू लागते. तेवढ्यात एकाने ते सांडशीत धरून फिरवायचे आणि दुसऱ्याने घण घालायचा. घिसाड्यांमध्ये हा घण बहुधा घरची बाई उचलते. पुरुष छोट्या हातोड्याने जागा दाखवतो आणि तिचा घाव नेमका तिथेच पडतो. या कलेचे श्रेय देताना तिचे नाव क्वचितच घेतले जाते.

म्हणून मुंबईबाहेरच्या एखाद्या आठवडी बाजारात जा आणि घिसाड्याच्या पालाशेजारी तासभर बसा. परवानगी मिळाली, तर आधी भाता चालवा. घण नंतर.