मल्लिकांच्या घरी पाहुणे म्हणून जा

उत्तर कोलकात्यात, चोरबागानातल्या मुक्ताराम बाबू स्ट्रीटवर ‘मार्बल पॅलेस’ आहे. सुवर्णबणिक व्यापारी घराण्यातले राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ मध्ये तो बांधायला घेतला. तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. तिथे मी जे शिकलो, ते कोलकात्याला निघालेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

१. परवानगी आधी काढा. प्रवेशाला तिकीट नाही, पण पर्यटन कार्यालयाचं पत्र आदल्या दिवशीच हाती असलेलं बरं. सोमवार आणि गुरुवार टाळा, त्या दिवशी घर बंद असतं.

२. हे राहतं घर आहे. मल्लिकांचे वंशज आजही इथे राहतात. काही दालनं बंद दिसली, तर आग्रह धरू नका. कुणाच्या घरी गेल्यावर आपण माजघरात डोकावत नाही.

३. मोठ्या नावांमागे धावू नका. रूबेन्स आणि रेनॉल्ड्स यांची चित्रं इथे असल्याचं सांगतात, आणि बहुतेक जण तेवढीच शोधत फिरतात. मला मोलाची वाटली ती सगळ्या वस्तूंची दाटी. भिंतभर चित्रं, उंच आरसे, झुंबरं, घड्याळं, संगमरवरी पुतळे, राणी व्हिक्टोरियाचा भव्य लाकडी पुतळा. कुठल्या जाणकार समितीने केलेली ही निवड नव्हे. एका माणसाची हौस इथे जशीच्या तशी उरली आहे.

४. चौकात थांबा. दर्शनी बाजूला युरोपीय धाटणीचे उंच खांब, आणि आत बंगाली घरासारखा मोकळा चौक नि पूजेचं ठाकुरदालान. परक्या शैलीची इतकी ओढ असूनही राजेंद्रबाबूंनी घराचा गाभा आपलाच ठेवला. आवारातलं जगन्नाथाचं मंदिर तर या वास्तूहून जुनं; ते त्यांचे दत्तक वडील नीलमणी मल्लिक यांनी बांधलेलं. तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही.

५. पैसा कुठे गेला, तेही पाहा. १८६६ च्या दुष्काळात राजेंद्र मल्लिकांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवलं. आवारात त्यांनी प्राणिसंग्रह उभा केला, आणि पुढे अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयालाही प्राणी दिले. हे कळल्यावर त्या झुंबरांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

६. फोटोची बंदी मनापासून पाळा. कॅमेरा नसला की नजर एकेका वस्तूवर टिकते. बाहेर आल्यावर आठवेल ते वहीत टिपून ठेवा.

असे संग्रह बहुधा वाटण्यांत फुटतात, लिलावात विकले जातात. मल्लिकांनी आपला संग्रह जागेवर राखला आणि परक्यांसाठी दारही उघडं ठेवलं. तेव्हा कोलकात्यात एक अख्खी सकाळ या घरासाठी राखून ठेवा, आणि निघताना दाखवणाऱ्या माणसाचे आभार मानायला विसरू नका.