गावरान की संकरित? परसबागेसाठी बी निवडताना



पाऊस सुरू झाला की परसबागेत बी लावायची गडबड सुरू होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीतल्या एका मुलाने घरच्या टोमॅटोचं बी जपून ठेवलं होतं. आदल्या वर्षी त्या झाडांना एकसारखे, कडक, लालबुंद टोमॅटो लागले होते. ठेवलेलं बी उगवलं खरं, पण कुठे फळं बारीक, कुठे चपटी, तर एक-दोन झाडं रोगानेच गेली. “सर, माझंच काहीतरी चुकलं,” असं म्हणून तो रडवेला झाला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मूळ पाकिटावर ‘एफ-1 संकरित’ असं छापलेलं होतं, ते आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. ते का वाचायचं, तेच आज समजून घेऊ.

संकरित बी म्हणजे काय?

दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांचा मुद्दाम संकर करून जे बी तयार होतं, ते संकरित बी. त्याची पहिली पिढी म्हणजेच एफ-1. ही झाडं एकसारखी वाढतात, बहुतेक वेळा जोमदार असतात आणि उत्पन्नही चांगलं देतात. मात्र त्यांचं बी पुन्हा लावलं की आई-बापाचे गुण विखुरतात.

ग्रेगॉर मेंडेल यांनी 1866 साली वाटाण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून आलेली पहिली पिढी सगळी उंच निघाली. तिच्या बियांपासून मात्र साधारण तीन उंच झाडांमागे एक बुटकं झाड आलं. लपलेला गुण पुन्हा वर आला! आपल्या मित्राच्या टोमॅटोत हेच घडलं, फक्त तिथे एकाच वेळी अनेक गुण विखुरले.

एक गैरसमजही दूर करू. संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेलं बी नव्हे. बीटी वांग्याला केंद्र सरकारने 2010 मध्ये स्थगिती दिली. संकरित भाजी खायला घाबरायचं कारण नाही.

गावरान बी आणि तिसरा पर्याय

गावरान बी म्हणजे पिढ्यानपिढ्या निवडून राखलेलं, त्या मातीला आणि पावसाला सरावलेलं बी. ते दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. उत्पन्न कधी कमी येतं, पण बऱ्याच वाणांना फळं थोडी थोडी, जास्त दिवस येत राहतात. घरच्या भाजीला हेच सोयीचं, नाही का?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असं देशी बियाणं गोळा करून बियाणे बँक उभी केली. त्यांना 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईंनी हे ज्ञान जपलं, कारण एखादं वाण काही वर्षं कुणीच पेरलं नाही तर ते कायमचं संपतं.

आता तिसरा पर्याय. कृषी विद्यापीठांनी तयार केलेले सुधारित सरळ वाण. उदाहरणार्थ, परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी ती तयार केली गेली. तिचं बी आपल्याला राखता येतं.

मग निवड कशी करायची?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी मला याचं बी राखायचंय का?

- वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो: ही पिकं बहुतांशी स्वपरागित. गावरान किंवा सरळ वाण घ्या, बी राखणं सोपं.
- वांगी, मिरची, भेंडी: कीटकांमुळे थोडाफार संकर होतो. दोन जाती शेजारी लावू नका.
- दुधी, दोडका, काकडी, भोपळा: इथे मधमाश्या एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. शेजाऱ्याकडे त्याच पिकाचा संकरित वेल असेल तर तुमचं गावरान बी शुद्ध राहीलच असं नाही.

जागा अगदी कमी आहे, बी राखायचं नाही आणि रोगाचा त्रास नेहमीचा आहे, तर रोगप्रतिकारक संकरित बी खुशाल घ्या. फक्त जुनं घरचं बी टाकून देऊ नका. रंग लावलेल्या बियांना औषध चोळलेलं असतं. ते खायचं नाही आणि हात धुवायचे.

करून पाहा: टोमॅटोचं बी राखा

1. सर्वांत निरोगी झाडाला रंगीत दोरा बांधा. त्याची एक-दोन चांगली फळं बियांसाठी सोडा.
2. फळ पूर्ण पिकल्यावर गर आणि बी वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्या.
3. स्वच्छ धुवा, तळाशी बसलेलं बी घ्या आणि सावलीत खडखडीत वाळवा.
4. कोरड्या बाटलीत भरा. वाणाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

स्वाध्याय

1. एफ-1 झाडाचं बी लावल्यावर झाडं वेगवेगळी का येतात?
2. आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी घरी असलेली, पण आता न दिसणारी भाजी कोणती? तिचं बी गावात कुणाकडे आहे का, ते शोधा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहाच, पण बी सापडलं तर चिमूटभर शाळेतही आणा. ते या पावसाळ्यात लावू.