हलगी, कर्णा आणि प्लगइन

शिराळ्यात रेकॉर्डिंगची खरी घाई आषाढात. नागपंचमीची गाणी श्रावणाआधी तयार हवीत आणि पाऊस असा, की पत्र्याखाली शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. कॉम्प्युटरवर मिक्सिंग शिकायला येणारी पोरं पहिलं विचारतात, "दादा, कुठलं प्लगइन टाकू?" त्यांना जे सांगतो, ते इथं.

१. आधी काहीच टाकू नका. सगळे ट्रॅक उघडा, नुसती लेव्हल जुळवा. शब्द कळतायत का, पखवाज गाणाऱ्याच्या डोक्यावर बसलाय का, ते ऐका. २४ बिटला रेकॉर्ड केलं की आवाज ठासून भरावा लागत नाही. सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या खाली राहू दे. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर येणारे ईक्यू आणि कॉम्प्रेसर शिकाऊ माणसाला पुरून उरतात. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक प्लगइनं मात्र नकोच, ती ऐन घाईत कॉम्प्युटर बसवतात.

२. पाऊस प्लगइननं जात नाही. आवाज स्वच्छ करणारं प्लगइन पावसाबरोबर 'स', 'श' आणि टाळाची रेंगाळणारी झणझणही खातं. उघडीप येईस्तोवर थांबा, भिंतीला वाकळ टांगा, माइक तोंडाजवळ घ्या. मागं सतत घुंऽऽ असं वाजत असेल तर ती ५० हर्ट्झची विजेची घरघर, अर्थिंग बघा. ती ईक्यूनं कापायला गेलात तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमाराही जातो, कारण तो तिच्याच आसपास असतो.

३. हलगीचं टोक मारू नका. हलगी विस्तवावर शेकून घेतात ती कडक वाजावी म्हणून. जाड टिपरीचा ठोका आणि बारीक काठीची तडतड, दोन्ही सुटी ऐकू यायला हवीत. नवखा माणूस हलगी कानाला टोचते म्हणून कॉम्प्रेसर लावतो आणि अटॅक ठेवतो १ मिलिसेकंदावर. ठोका नीट वाजायच्या आत दाबला जातो आणि हलगीचा होतो पत्र्याचा डबा. अटॅक २०-३० मिलिसेकंदांवर न्या. टोक निसटून जातं, मागचा घुमारा तेवढा आवरतो. रिलीज असा ठेवा, की पुढच्या ठोक्याआधी कॉम्प्रेसर मोकळा झाला पाहिजे. वरातीतली चाल वेगळी, कुस्तीच्या मैदानातली वेगळी. एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही. मीटर ३-४ डेसिबल हलला की बास. मग बायपास करून ऐका, पण दोन्ही वेळा लेव्हल सारखी ठेवून. जे मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. तरी टोचत असेल तर ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये थोडं उतरवा. किंवा रेकॉर्डिंगलाच माइक दोन हात मागं घ्या. तेच सगळ्यात स्वस्त.

४. भजनात पेटी गाणाऱ्याच्याच स्वरांवर चालते, म्हणून शब्द बुडतात. गळ्याचा ट्रेबल वाढवत बसण्यापेक्षा पेटी २ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कापा.

५. देवाचं गाणं म्हणून रिव्हर्ब ओतू नका. सेंडवर एकच, बास कापलेला.

६. ऐकणारा कशावर ऐकणार, ते आधी ठरवा. 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झाला, पण आमच्याकडं तो वाजला मोबाइलवर आणि वरातीत. तुमचं भजन वाजणार देवळावरच्या कर्ण्यावर. तिथं बास जवळजवळ नसतोच, आणि कर्णा म्हणजे मोनो. स्टिरिओ रुंद करणारं प्लगइन लावून पसरवलेली पेटी मोनोत अर्धीअधिक गायब होऊ शकते. म्हणून मास्टरवर मोनोचं बटण दाबून ऐकायची सवय लावा. पखवाज मोबाइलवर कळायला हवा तर बास वाढवून उपयोग नाही. शाईच्या बाजूची टणक थाप वर आणा.

७. मास्टरिंगला बसलं की पार्टी म्हणणार, "डीजेवर दणका बसला पाहिजे." मग लिमिटर चेपत चेपत गाणं उणे ७ एलयूएफएस इतक्या लाउडनेसवर जातं. यूट्यूब मोठी गाणी उणे १४ च्या आसपास उतरवून वाजवतं. म्हणजे दणका सात डेसिबलनं खाली येतो, गाणं चेपलेलं ते चेपलेलंच राहतं. मी उणे १०-११ वर थांबतो, ट्रू पीक उणे १. आवाज वाढवायचा नॉब डीजेवाल्याकडं असतोच, आणि तो फिरवायला त्याला कुणी सांगावं लागत नाही.